अकरा नंबरचा गोल

“घे व पोरी, हे धर.”

अध्यक्ष एवढंच बोलले आणि ताट माझ्या हातात आलं. पितळेचं, चांगलं जड. त्यात शाली, नारळ, कुंकवाची वाटी. माझ्या गळ्यात पत्रकाराचं ओळखपत्र होतं आणि हातात वही. वही मी काखेत दाबली आणि ताट दोन्ही हातांनी धरलं. का धरलं? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की त्याचा वीट आला. तरी उत्तर देणं भाग आहे, म्हणून हे लिहिते आहे.

यवतमाळचं मैदान, दुपारचे चार वाजून गेलेले. बाहेरच्या राज्यातला एक व्यावसायिक फुटबॉल क्लब आमच्या जिल्हा संघाशी मैत्रीचा सामना खेळायला आला होता. असं आमच्याकडे होत नाही. पुसद, दारव्हा, घाटंजी, कुठून कुठून माणसं आली होती. हा क्लब ज्या लीगमध्ये खेळतो ती लीग मी आठ हंगाम एका मराठी दैनिकासाठी कव्हर करत होते. कोलकाता, गोवा, कोची, सगळी मैदानं पालथी घातली होती. यवतमाळ माझं गाव, म्हणून दैनिकानं मलाच पाठवलं. मलाही मिरवायचं होतं, खोटं कशाला बोलू. ज्या मैदानावर माझे बाबा फक्की मारायचे, तिथं मी ओळखपत्र घालून जाणार होते.

फक्की म्हणजे मैदानावर रेषा आखायची पांढरी भुकटी. बाबा बोरी अरबहून यवतमाळला आले ते या कामावर. खुंट्या ठोकायच्या, सुतळी ताणायची, मग वाकून वाकून भुकटी सोडत जायचं. पेनल्टीची जागा ते पावलांनी मोजायचे आणि नंतर फितीनं मोजलं तर तेवढीच भरायची. मैदानावर त्यांना कोणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. फक्कीवाला. बक्षीस समारंभाचा फोटो निघायचा तेव्हा कोणीतरी म्हणायचं, “तू बाजूले हो, कपडे पाह्य तुहे.” मी दहा-अकरा वर्षांची असेन, हे माझ्या कानांनी ऐकलं आहे. बाबा बाजूला व्हायचे. घरी येताना सायकलवर मला ऑफसाइड समजावून सांगायचे. त्या बाजूला होण्याबद्दल आमच्या घरात कधी बोलणं झालं नाही.

अध्यक्ष म्हणजे जिल्ह्याच्या फुटबॉल मंडळाचे अध्यक्ष. कापसाच्या जिनिंगचे मालक. ताट देण्याआधी त्यांनी मला ओळखलं होतं. “तू आपल्या फक्कीवाल्याची ना? वा. तुमच्या लोकायच्या पोरी कुठल्या कुठं गेल्या. मोठी हो. पन पाय जमिनीवर ठेव.” मी हसले. हसायला नको होतं. मंचाजवळच्या रांगेत आम्ही पाच पत्रकार बसलो होतो. ताट धरायला ठरलेली कॉलेजची मुलगी आली नव्हती. चौघांचे हात रिकामे होते. अध्यक्षांची नजर त्या चौघांवरून फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

एक तर मी बाई. त्यात फक्कीवाल्याची. त्यात बौद्ध. त्यांना विचार करावाच लागला नाही. आणि मलाही लागला नाही, हे जास्त जाळतं. आठ हंगामांत परदेशी प्रशिक्षकांना मी अडचणीचे प्रश्न विचारले होते. “बाईला ऑफसाइड कळतो का,” असं कुजबुजणाऱ्यांना सामन्यानंतर माझी बातमी वाचून दाखवली होती. ती सगळी मी, त्या एका ‘घे व पोरी’ला, सरळ उठून उभी राहिले.

आमच्याकडे मंचाचं तोंड लोकांकडे असतं आणि पाठ मैदानाकडे. सामना कसलाही असो, आधी सत्कार. प्रमुख पाहुणे चाळीस मिनिटं उशिरा आले. क्लबच्या प्रशिक्षकानं सांगून टाकलं की उजेड जाईल, आम्ही थांबणार नाही. पंचांनी शिट्टी वाजवली. सामना सुरू झाला आणि सत्कारही सुरूच राहिला. माइकवर नावं, एकेक माणूस उठून येतोय, अध्यक्ष ताटातून शाल उचलतात, नारळ उचलतात, मी अर्धं पाऊल पुढे, अर्धं पाऊल मागे. माझ्या पाठीमागे चेंडूचा आवाज येत होता. चेंडू चांगला लागला की वाईट, हे मला आवाजावरून कळतं.

मग लोक ओरडले. समोरची सगळी गॅलरी उठली. माझ्या खांद्यांवरून पलीकडे पाहत माणसं नाचत होती. जिल्हा संघानं व्यावसायिक क्लबला गोल केला होता. माझ्या हातात ताट होतं. मी मान वळवली तेव्हा निळ्या शर्टांचा एक ढीग दिसला, बाकी काही नाही.

आठ हंगामांत माझा एकही गोल चुकला नव्हता. पाणी प्यायलाही मी चेंडू बाहेर गेल्यावरच वाकायचे. आणि माझ्या गावात, माझ्या मैदानावर झालेला गोल मी पाहिला नाही.

ताट रिकामं झाल्यावर मला सोडलं. मी मंडळाच्या सचिवांच्या टेबलाशी धावले. “गोल कोणाचा?” सचिवांनी कागद पुढे केला. एकविसावं मिनिट, अकरा नंबर. संघयादीत अकरा नंबरसमोर अध्यक्षांच्या पुतण्याचं नाव, सौरभ. मैदानावर पाहिलं तर अकरा नंबर नव्हता. “बदली केली,” सचिव म्हणाले. उरलेला सामना मी डोळ्यांत तेल घालून पाहिला. आम्ही चार-एकनं हरलो. लोक मात्र त्या एकासाठी थांबले होते. शेवटी सचिवांनी सौरभला माझ्यापुढे आणलं. अकरा नंबरचा शर्ट. “फार आनंद झाला, काकांचा आशीर्वाद,” तो म्हणाला.

शर्ट पाठीवर घामानं भिजलेला होता आणि त्याचं कपाळ कोरडं होतं. मी ते पाहिलं. विचारलं नाही.

हे आता नीट सांगते, कारण बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही. आमच्या जिल्ह्यात फोटोतला संघ वेगळा असतो आणि खेळणारा वेगळा. यादीत नावं घरच्यांची. फोटो निघतो, पाहुण्यांशी हात मिळवले जातात, मग पॅव्हेलियनमागे शर्ट बदलतात आणि खेळता येणारा मैदानात उतरतो. शर्टावर नंबर तोच. प्रमाणपत्र यादीतल्याला, आणि नोकरीच्या अर्जाला जोडायचं पेपरातलं कात्रणही त्यालाच. मी याच मैदानावर वाढले, मला हे पाठ होतं. पण मला बातमी पाठवायची होती आणि माझं जे राहून गेलं होतं ते कोणाला कळू द्यायचं नव्हतं. मी कागदावर विश्वास ठेवला. ‘सौरभच्या देखण्या गोलनं यवतमाळकरांची मनं जिंकली.’ देखण्या. न पाहिलेल्या गोलला मी देखणा म्हटलं. माझ्या नावानिशी छापून आलं.

दोन दिवसांनी सकाळी एक जण घरी आला. बावीस-तेवीसचा, सडसडीत. दारातच उभा. हातात पेपरची घडी. “म्याडम, मी मारोती आत्राम. घाटंजीकडच्या पोडावरचा. लोहाऱ्याले कंपनीत हाये.” पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, आणि लोहारा म्हणजे यवतमाळलगतची औद्योगिक वसाहत. मी त्याला आत ये म्हटलं, तो आला नाही. “तो गोल माहा होता,” म्हणाला.

मी काय केलं असेल? मी चिडले. स्कोअरशीट आहे म्हणाले, पंचांची सही आहे म्हणाले. आठ हंगाम हे काम करते, मला शिकवू नकोस, असंही म्हणाले. एखाद्या अध्यक्षीणबाईसारखी बोलले त्याच्याशी.

“तुमी तं तिथंच होत्या,” म्हणाला.

मी म्हणाले, “मी पाहत नव्हते.” तोंडानं हे पहिल्यांदाच बोलले.

मग त्यानं सगळं सांगितलं. कॉर्नर आला, बचावपटूच्या डोक्याला लागून चेंडू खाली पडला, त्यानं डाव्या पायानं मारला. दहा मिनिटांत त्याला बाहेर बोलावलं. शर्ट काढून घेतला. बनियनवर पॅव्हेलियनमागे बसून त्यानं सामन्याचे नुसते आवाज ऐकले. मीही तेच केलं होतं. पण खरी गोष्ट पुढेच होती. क्लबनं मंडळाला पत्र पाठवलं होतं. त्यांच्या राखीव संघाच्या दहा दिवसांच्या चाचणीसाठी अकरा नंबरच्या खेळाडूला पाठवा. मंडळ सौरभला पाठवत होतं, आणि सोबत माझ्या बातमीचं कात्रण.

“मोबाइलवर काढलं असेल ना कोणी?” मी विचारलं.

“काढलं हाये. लांबून. पाठीवरचा अकरा दिसते. तोंड नाई दिसत.”

मी त्याच दुपारी जिनिंगवर गेले. अध्यक्षांनी चहा सांगितला. मी गोष्ट काढल्याबरोबर ते हसले. “कायले उकरून राह्यली? गोल जिल्ह्याचा झाला न. नाव कोनाचंबी लागो.” मी म्हणाले, चाचणी मारोतीची आहे. ते म्हणाले, “पोडावरचं पोरगं. बाहेर राह्यलं हाये का कधी? दोन दिवसात पयून येईन अन् जिल्ह्याचं नाव खराब करीन.” मग पुढे झुकले. आवाज मऊ केला. पुढच्या महिन्यात पुसदला त्यांची स्पर्धा होती. मी यावं, मंचावर बसावं. आणि सौरभवर चाचणीआधी एक चांगला लेख लिहावा.

मी म्हणाले, लेख नाही, दुरुस्ती लिहीन.

तेव्हा त्यांचा आवाज बदलला. “अन् लिहिशीन काय? तू तं सत्कारात उभी होती, ताट धरून. साऱ्या गावानं पाह्यलं. तुले काय दिसलं?”

खरं सांगते, त्या क्षणाआधी मला ते ताट लाजेची गोष्ट वाटत होती. माझी, खाजगी. लपवायची. त्या खुर्चीसमोर बसल्यावर कळलं की ते तसं नव्हतं. ज्यानं माझी पाठ मैदानाकडे केली तोच मला विचारत होता, तू पाहिलं का. बाबांना फोटोतून बाजूला करत होते, मारोतीला शर्टातून बाहेर काढत होते आणि नंतर सांगत होते, तुम्ही तर त्यात नव्हताच. मला तिथं बसल्या बसल्या राग आला. चाळीस वर्षांचा राग होता तो, माझ्या वयापेक्षा जुना. चहा मी तसाच ठेवला.

“मी पाह्यलं नाई, हे खरं,” मी म्हणाले. “तुमी पाहू देलं नाई, हेही खरं. दोन्ही लिहीन.”

बाहेर कापसाची गाडी खाली होत होती. मी तिला वळसा घालून फाटकाबाहेर पडले.

दैनिकाच्या क्रीडा संपादकांना फोन केला. चांगला माणूस. त्यांनीच मला लीगवर पाठवलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं. “तुझी आठ वर्षांची पत जाईल,” म्हणाले. “आणि कारण काय लिहिणार? सत्काराचं ताट धरलं होतं म्हणून गोल दिसला नाही?”

“हो. तेच लिहिणार.”

“हे छापता येणार नाही. आपण शांत राहू. आठवडाभरात लोक विसरतात.”

त्यांना माझी काळजी होती, यात शंका नाही. तरी त्या काळजीत मारोती कुठेच नव्हता.

संध्याकाळी बाबांजवळ बसले. आता त्यांची कंबर वाकलेली ती वाकलेलीच राहिली आहे. मी त्यांना ताटाचं सांगितलं नव्हतं. सांगायला लागले तर म्हणाले, “मी होतो मैदानावर. पाह्यलं मी.” मला वाटलं होतं ते घरी आहेत. ते लोकांत बसून मला ताट धरून उभी पाहत होते आणि दोन दिवस माझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते.

“काहून बोलले नाई मंग?”

“काय बोलू? मीच शिकोलं तुले. कोनी म्हनलं बाजूले हो, का बाजूले व्हाचं. मले दुसरं काम नोतं. तुले हाये.” मग म्हणाले, “गोल त्याच पोराचा होता. मी त्याले याच्या आधीबी खेळताना पाह्यलं हाये.”

“क्लबले निवेदन पाठवाचं हाये. सही कराल?”

“करतो.”

मग मी निवेदन लिहिलं. मराठीत आणि इंग्रजीत. गोल कोणाचा, मी का पाहिला नाही, ताट कोणी दिलं, शर्ट कुठे बदलला, ओली पाठ आणि कोरडं कपाळ पाहूनही मी प्रश्न का विचारला नाही. खाली माझी सही, मग बाबांची. त्या सहीत बाबांचं पूर्ण नाव आहे. जिल्हा संघातल्या खेळाडूंकडे गेले. सगळे म्हणाले, गोल मारोतीचा. सही कोणी केली नाही. पुढच्या निवडीला तेच अध्यक्ष बसणार होते, मी त्यांना दोष देत नाही. पंच म्हणाले, “मी नंबर पाह्यतो, तोंड नाई.” शेवटी दोन सह्यांचं निवेदन क्लबला गेलं.

क्लबचं दोन ओळींचं उत्तर आलं. आम्ही मंडळाच्या नोंदी ग्राह्य धरतो.

सौरभ गेला. चौथ्या दिवशी परत आला. क्लबनं काय कारण दिलं मला माहीत नाही, इथल्या पेपरांत ‘दुखापत’ असं आलं. मारोतीला कोणी बोलावलं नाही. राखीव संघाला वयाची अट असते आणि त्याचं वय त्या अटीबाहेर गेलं. तो लोहाऱ्यालाच आहे. निवेदनाची प्रत मी त्याला नेऊन दिली. त्यानं उभ्या उभ्या वाचली आणि म्हणाला, “हे त्याच दिवशी लिव्हाचं होतं.” एवढं बोलून तो पाळीवर गेला. तो बरोबर बोलला. त्याच्या आयुष्याचं जे झालं त्यात माझ्या बातमीचा हात आहे आणि मी कितीही लिहिलं तरी तो पुसला जाणार नाही.

निवेदन क्लबला पाठवलं म्हणून दैनिकानं मला लीगवरून काढलं आणि घर-बागेच्या पुरवणीवर बसवलं. गुलाबाला खत कधी घालावं, यावर मी दोन लेख लिहिले. मग राजीनामा दिला. आता यवतमाळातच राहते. पोटासाठी दहावीच्या शिकवण्या घेते आणि जिल्ह्यातल्या फुटबॉलवर इंटरनेटवर माझ्या स्वतःच्या पानावर लिहिते. वाचणारे थोडे आहेत. त्यांतले काही शिव्या द्यायला येतात. जात काढतात. येऊ देत.

पुसदच्या त्या स्पर्धेला मी गेले. मंचावर नाही, रेषेजवळ. सामन्याआधी दोन्ही संघ उभे होते. मी वही घेऊन एकेकासमोर गेले आणि विचारलं, तुझं नाव काय, गाव कोणतं. सचिव धावत आले. “यादी देतो न बाई, कायले तरास घेता?”

“यादी नको.”

“कोनाच्या परवानगीनं विचारून राह्यल्या?”

मी पुढच्याला नाव विचारलं. सात नंबरच्या मुलानं मंचाकडे पाहिलं आणि यादीतलं नाव सांगितलं. मी लिहिलं नाही. पेन खाली घेतलं आणि त्याच्या तोंडाकडे पाहत उभी राहिले. सगळं मैदान थांबलं होतं. माइकवरून मला बाजूला व्हायला सांगत होते, एकदा, दोनदा, मग माझ्या बापाच्या कामाचा उल्लेख करून. मी हलले नाही. त्या मुलाचा श्वास मला ऐकू येत होता. मग त्यानं स्वतःचं नाव सांगितलं, हळू, आणि मी ते मोठ्यानं वाचत लिहिलं.

आता हेच माझं काम आहे. व्यावसायिक लीगच्या पत्रकार कक्षात मला परत कोणी बसवणार नाही, हे मी धरून चालले आहे. इथं मला मैदानाबाहेर काढतील, कदाचित हात उगारतील. काढतील तिथून दुसऱ्या मैदानावर जाईन. जो खेळतो त्याचं तोंड पाहीन, त्याच्याच तोंडून नाव घेईन आणि तेच छापीन. त्या दिवशीचा गोल मारोती आत्रामचा होता, एकविसाव्या मिनिटाला, डाव्या पायानं. तो मी पाहिला नाही, आणि त्यातला माझा दोष मी वर लिहिला आहे. उरलेला दोष ज्यांचा आहे त्यांना मी सोडणार नाही. यापुढे माझं तोंड मैदानाकडे राहील, आणि ते वळवायला जो येईल त्याचं नाव मी बातमीच्या पहिल्या ओळीत लिहीन.